नाव काय लिहू?

(मंचावर एक कुंडी. कोथरूडच्या साठीतल्या बाई हातात फॉर्म घेऊन येतात.)

बसा, बसा. कुंडीला हात लावू नका. काटे फारसे नाहीत, पण मी आहे.

आमच्या सोसायटीचं पुष्पप्रदर्शन आहे. फॉर्ममध्ये रकाना : 'गुलाबाचं नाव'. नर्सरीवाल्यानं रोप देताना सांगितलं होतं, "ग्लॅडिएटर! तळहाताएवढं लाल फूल!" मी वाचूनही ठेवलं. १९५५चा अमेरिकन वाण, हायब्रीड टी, लांब दांडा, टोकाला एकच ऐटदार फूल. आणि आलं काय? (कुंडीकडे बोट) पांढरं. रुपयाएवढं. पाकळ्या मोजून पाच. आणि एकटं नाही, घोसच्या घोस!

मुलानं फोनमधलं ॲप समोर धरलं. ॲप म्हणालं, "हा गुलाब आहे." उपकार झाले, बाबा! मला वाटलं, दुधी भोपळा.

मग तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा भिंग घेऊन आले. बँकेतून निवृत्त. फुलाची सुद्धा सही पडताळतात. "वहिनी, पान मोजा. हायब्रीड टीला पानात बहुतेक पाच पर्णिका." मोजल्या. कुठे सात, कुठे नऊ. "आता देठाचं बूड दाखवा." बुडाशी हिरवी किनार, तिला दशा सुटलेल्या. अप्पा म्हणाले, "हं." (थांबून) कर्ज नामंजूर करताना असंच 'हं' म्हणत असणार.

आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "'पीस' असेल." यांना तेवढं एकच नाव येतं. अहो, पीस पिवळा, कडेला गुलाबी! आणि त्याचा थाट बघा : फ्रान्समध्ये मादाम मेयां, इटलीत जॉया, जर्मनीत ग्लोरिया देई, अमेरिकेत १९४५ साली पीस. चार घरी नांदला, चार नावं घेतली. आमच्याला एक मिळेना!

शेवटी माळीकाका आले. फुलाकडे बघितलंच नाही. बुडाशी माती उकरली नि म्हणाले, "ताई, डोळा मेला. हा खुंट आहे."

म्हणजे असं, की नर्सरीत मल्टिफ्लोरा नावाच्या गुलाबाची काडी लावतात. चिवट, पटकन मुळं धरणारी. तिच्या सालीत ग्लॅडिएटरचा डोळा भरायचा, वर पट्टी बांधायची. मग खाली खुंटानं पाणी ओढायचं, वर ग्लॅडिएटरनं मिरवायचं. खुंटाचे फुटवे वेळेवर काढले नाहीत, की वरचा उपाशी. थोडक्यात, भाडेकरू मेला नि घरमालक राहायला आला.

(प्रेक्षकांना, हळूच) फुटवे कोणी काढले नाहीत म्हणता? कुंड्यांचं खातं यांच्याकडे. माझ्याकडे फक्त सूचना.

यावर हे विचारतात, "मग उपटू का?" उपटू? जन्मभर दुसऱ्याच्या फुलासाठी पाणी ओढलं, आता कुठे स्वतःचं फूल आलंय, तर उपटू? मी तुम्हाला उपटलंय का कधी?

(फॉर्म भरत) नाव : मल्टिफ्लोरा. प्रकार : मूळ मालक.

मग प्रदर्शनाचा दिवस. परीक्षकबाई आल्या. वाचलं. वाकून वास घेतला. इकडे-तिकडे बघून कानात म्हणाल्या, "याची एक काडी मिळेल?"

दिली की! म्हटलं, खोचा, लगेच लागेल. पण वर डोळा भरू नका हं. भाडेकरू फार नखरे करतात.

(कुंडी उचलून जातात.)