पास की बाद

योगावाले काका प्रत्येक कॉलनीत असतात. आमचे नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. चेकिंगला होते. शाई पसरलीय का, कड तिरकी गेलीय का, हे उभी हयात पाहिलेला माणूस निवृत्तीनंतर माणसं उजेडात धरायला लागला.

परवा एका लग्नात, हातात गुलाबजामची वाटी घेऊन उभा असताना माझ्या पाठीत बोट रुतलं. "डावा खांदा दोन सूत खाली. बाद!" पुढे स्टेजवर आहेर देता देता त्यांनी नवरदेवाची मानही तपासली. "पास," ते म्हणाले, आणि मुलीच्या वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. तोही छातीतून सोडला म्हणून बाद झाला.

वर्ग भरतो गंगापूर रोडच्या एका आडगल्लीतल्या देवळाच्या सभामंडपात, पहाटे पावणेसहाला. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात आयुष्य वेचलं. ते आमच्या वर्गात आले असते तर खांबाला धरून खाली बसले असते. कारण आम्ही सूर्यनमस्कार सूर्याकडे पाठ करून घालतो. उजेड मागून आला की काकांना आम्ही आरपार दिसतो. "वॉटरमार्क कुठंय? कणा दिसत नाही मला!" पतंजलींनी आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढंच मागितलं होतं. काकांनी त्यातलं स्थिर पास केलं, सुख बाद.

छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घालायची नोट वेगळी असते. तिच्या नंबरात चांदणी असते. २००६ पासूनची ही पद्धत आम्हाला रिझर्व्ह बँकेनं नाही, काकांनी शिकवली. सूनबाईंऐवजी सासूबाई आल्या की काका हजेरीच्या वहीत नावापुढे चांदणी काढतात. एका सासूबाईंना वाटलं, आपल्याला विशेष प्रावीण्य मिळालं. त्यांनी घरी पेढे वाटले.

काका योगाकडे कसे आले, हे त्यांना विचारू नका. न विचारताही सांगतात. चेकिंगच्या टेबलावर वाकून वाकून मान गेली, गळ्यात पट्टा आला, डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. आमच्याकडच्या बहुतेक योगशिक्षकांचा जन्म असा कुठल्या तरी मणक्यातूनच झालेला असतो. त्यात गाव नाशिक. इथे डॉ. विश्वास मंडलिकांनी १९७८ मध्ये योग विद्या धाम सुरू केलं, २०१८ चा पंतप्रधानांचा योगपुरस्कारही मिळवला. अशा गावात पट्टा लावलेल्या माणसाला शेजारीपाजारी योगवर्गातच ढकलणार. काका गेले, पट्टा सुटला, परीक्षा झाल्या, आणि मग इतरांच्या माना धरायला ते मोकळे झाले. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, दोर वापरले ते ताठरलेल्या शरीरालाही आसन जमावं म्हणून. काकांनी वर्गात आणली स्टीलची फूटपट्टी. ती आसन जमलेलं नाही हे सिद्ध करायला.

रविवारी वर्ग सुटला की मंडळी मिसळीला जातात. नाशिकमध्ये त्याला इलाज नाही. काका सोबत येतात, खात नाहीत, तर्रीचा रंग उजेडात धरून बघतात. बाद म्हणतात आणि पाव दुमडून कसा घ्यावा हे शिकवतात.

२०१५ पासून २१ जूनचा योगदिन आला की काकांपेक्षा मोठे योगी उगवतात. एका वर्षी मैदानावर नेत्यांच्या फोटोचे टी-शर्ट वाटले, चटया वाटल्या, आणि रोज पहाटे शिकवणाऱ्या काकांना सूचना सांगायला माईक दिला. आयोजकांची ही चूकच. व्यासपीठावरचे मुख्य पाहुणे वृक्षासनात डुलताना सगळ्या मैदानाला स्पष्ट ऐकू आलं, "बाद!" पुढच्या वर्षी काकांना बोलावणं नव्हतं. त्यांनी पावणेसहाला सभामंडपात नेहमीचा वर्ग घेतला, आणि आम्ही सगळे तिथेच होतो. टी-शर्ट फुकट मिळत असूनही. ही साधी गोष्ट नाही.

तेव्हापासूनच मला या माणसाविषयी बरं वाटायला लागलं असावं. कबूल करायला जड जातं. पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी पडल्या, त्यांचा हात वर जाईना, तेव्हा काका रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जात. फूटपट्टी न घेता. आजींचा हात खांद्यापर्यंत आला त्या दिवशी त्यांनी पास म्हटलं. ते काटेकोर मोजलं असतं तर बादच होतं.

आणि हल्ली काका स्वतः आसन करून दाखवत नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगतात. म्हणे, "बसून चेकिंग नीट होतं." पायजमा सैल घालतात, पण गुडघ्यावरची ऑपरेशनची खूण मांडी बदलताना दिसते. वर्गातल्या प्रत्येकानं ती पाहिली आहे. एकानंही तोंड उघडलेलं नाही. इतकी वर्षं बाद ठरून आम्ही एवढं तरी शिकलो.

तुम्ही नाशिकात असाल तर या एकदा. फी नाही. पोट रिकामं ठेवा, चटई स्वतःची आणा. डावा खांदा खाली आहे हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा, कारण तो तुमचाही आहे.