पायलटला आहेर

आमच्या घराण्याचा वाहनं चालवण्याचा वारसा म्हणजे काकांची लुना. त्यामुळे भाचा एअरबसवर फर्स्ट ऑफिसर झाला, तेव्हा त्याला आहेर काय करावा हे सांगणारं डोंबिवलीत कुणी सापडेना. बायको म्हणाली, "पाकीट द्या." पाकीट काय, कुणीही देतं. मला पोराला आराम द्यायचा होता.

आता डोंबिवलीकराची आरामाची कल्पना ती काय? फास्ट लोकलमध्ये ठाण्यापर्यंत चौथी सीट. एवढ्या दांडग्या अनुभवाच्या जोरावर मी उल्हासनगरचा बाजार गाठला आणि मानेची उशी, कमरेची उशी, सेंटची बाटली आणि एक काळाकुट्ट गॉगल घेतला. गॉगलवर 'पोलराइज्ड' अशी चिठ्ठी होती. दुकानदाराने त्या शब्दाचे वेगळे पैसे लावले आणि मी ते ऐटीत मोजले.

सत्यनारायणाच्या प्रसादानंतर भाच्याने पिशवी उघडली. "मामा, पोलराइज्ड घातला की कॉकपिटचे काही स्क्रीन काळे दिसतात. आम्हाला साधा लागतो." कमरेचा आधार म्हणे सीटमध्येच असतो, हवा तसा पुढेमागे करता येतो, वर मेंढीच्या कातड्याचं कव्हर. छातीवर, पोटावर, मांड्यांमधून पाच पट्टे आवळलेले. त्यात गळ्यात उशी घातलेला पायलट दिसला तर प्रवासी विमानात चढतील का? राहिला सेंट. ड्युटीआधी तोंडाने फुंकून दारूची तपासणी द्यावी लागते. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा विमानवाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएला चालत नाही, आणि 2023 मध्ये त्या यादीत परफ्यूमही घालायचा प्रस्ताव आला होता. म्हणजे मामाच्या प्रेमाने भाच्याची नोकरी धोक्यात!

बायकोने मला न सांगता घट्ट झाकणाचा थर्मास आणला होता. भाचा त्यावर मात्र खूश. 2019 च्या फेब्रुवारीत फ्रँकफर्टहून कॅनकूनला निघालेल्या एअरबसमध्ये झाकण नसलेल्या कपातली कॉफी रेडिओच्या बटणांवर सांडली, पॅनेल तापून धूर निघाला आणि विमान आयर्लंडमध्ये शॅननला उतरवावं लागलं, हे त्याने रंगवून सांगितलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी शिऱ्याकडे.

उशी परत आली माझ्याकडे. फुकट कशाला घालवा म्हणून गळ्यात अडकवून लोकलमध्ये शिरलो. "काका, स्पाँडिलायटिस का?" असं विचारत एक तरुण चक्क उठला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, बसलो. मुंब्र्याच्या बोगद्यापर्यंत थोडी लाज वाटली, मग डोळा लागला.

तुमच्या घरात कुणी पायलट झालंच, तर त्याच्या बसण्याची काळजी करू नका. विमानातली हवा फार कोरडी असते, बऱ्याचदा आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली. तेव्हा ओठांना लावायला तेल-पेट्रोलियम नसलेला बाम द्या आणि झाकणवाला थर्मास द्या. गॉगल घ्यायच्या आधी त्यालाच विचारा. मानेची उशी मात्र अंबरनाथ-बदलापूरहून रोज येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला द्या.