अलेप्पीची हाऊसबोट कशी निवडावी : नवशिक्यांसाठी

आई-बाबा, भाऊ-वहिनी, साडू-मेहुणी आणि सगळ्यांची मिळून पाच कार्टी. एवढ्या गोतावळ्यासाठी केरळात बोट ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन आणि लगोलग सांत्वन. बोट चांगली निघाली तर कौतुक केरळचं, वाईट निघाली तर उद्धार तुमचा. म्हणून बोट निवडण्यापेक्षा खापर फोडायला डोकं निवडण्यावर लक्ष द्या.

१. व्हॉट्सॲप ग्रुपवर बोटींचे फोटो टाका. ‘मस्त’, ‘बघ तू’, ‘आम्हाला काहीही चालेल’ अशी उत्तरं येतील. शेवटच्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काहीही चालणाऱ्या माणसाला जागेवर पोचलं की काहीच चालत नाही.

२. खोल्या मोजा. चार जोडपी, बेडरूम तीन. एजंट म्हणेल, ‘एक्स्ट्रा मॅट्रेस टाकू.’ त्या मॅट्रेसवर तुम्ही झोपणार आहात. मोठी बोट घेतली तर ती अरुंद कालव्यांत शिरत नाही, आणि दोन लहान घेतल्या तर कोणती जाऊ कुठल्या बोटीत, यावरून घाटावरच पानिपत होतं. शिवाय ‘त्यांच्या बोटीतला एसी जास्त गार होता’ हा विषय पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतो.

३. एसीचं नीट विचारा. बऱ्याच ‘डीलक्स’ बोटींवर तो रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. दुपारी घामाघूम झालेल्या बाबांना ‘तलावाचा वारा बघा काय सुटलाय’ असं सांगायची तालीम आत्तापासून करा.

४. ‘रात्रभर वेंबनाड तलावावर तरंगत जायचं’ असली वर्णनं आवरा. दुपारी बाराला चढायचं, साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पडतात. सकाळी नऊला खाली उतरायचं. मधला वेळ डासांचा.

५. इतिहास सांगायचा मोह होईल. पूर्वी या बोटींतून भात वाहून नेत, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवत, एक खिळा म्हणून मारत नसत, वगैरे. सांगा बापडे. वहिनी शांतपणे ऐकून घेतील आणि विचारतील, ‘मग ओले टॉवेल टांगायचे कशाला?’

६. जेवण. केळीच्या पानात भाजलेला करिमीन मासा समोर आला की मालवणचे साडू ‘अरे, हे तर आमचं कालुंदर!’ म्हणून दोन उचलतील. आईचा उपास असेल. नसेल तर त्या लाल, जाड भाताकडे बघून धरला जाईल. बोटीवरच्या आचाऱ्याला साबुदाणा भिजवायला लावू नका. तो बिचारा पायसम करून आणेल.

७. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, वरच्या डेकला धड कठडा आहे का, बोटीचा परवाना चालू आहे का, हे ग्रुपवर कोणीही विचारणार नाही. कॅरम आहे का, हे चौघं विचारतील. पहिले तीन प्रश्न गुपचूप तुम्हीच विचारून घ्या, उत्तर ‘हो हो, सब है सर’ एवढंच आलं तर फोटो मागवा. आणि कॅरमची सोंगटी पाण्यात पडणार हे गृहीत धरा.

८. बुकिंग साडूंच्या नावानं करा. पैसे तुम्ही भरा. ‘परत आल्यावर हिशोब करू’ असं ते म्हणतील. तोवर तक्रारी तरी त्यांच्याकडे वळवता येतील.