रुमालाचं तिकीट

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी अण्णा गाडीत बसायचे, पट्टा लावायचे, दार ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "टिंग टिंग." ही डबल बेल मिळाल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही, असा आमचा करार होता. अण्णा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण डोळे अजून ड्युटीवरच आहेत. लग्नाच्या पंगतीत गेले तरी जेवणाआधी माणसं मोजतात.

मी राहतो सॅन होझेच्या दक्षिण टोकाला आणि ऑफिस माउंटन व्ह्यूला. मधे ८५ नंबरचा फ्रीवे. सकाळी त्याच्यावर गाड्या चालत नाहीत, सरपटतात. फक्त अगदी डावीकडची एक लेन तेवढी वाहती. तिच्यावर पत्त्यातल्या चौकटसारखी पांढरी खूण काढलेली असते. ही कारपूल लेन. गर्दीच्या वेळी गाडीत किमान दोन माणसं असतील तरच तिच्यात शिरायचं. एकटे सापडलात तर दंड किमान ४९० डॉलर. रुपयात हिशोब अण्णांनी विमानतळावरून घरी येतानाच केला होता आणि उरलेला रस्ता ते गप्प बसले होते.

पुढच्या आठवड्यात मी विषय काढला. "अण्णा, रोज माझ्याबरोबर ऑफिसला याल का?"

"मला काम काय?"

"बसायचं."

"एकतीस वर्षं उभ्यानं काढली," ते आईकडे बघून म्हणाले, "आता बसायची नोकरी लागली बघ."

पंचावन्न मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांत होऊ लागला. दिवसभर अण्णा माउंटन व्ह्यूच्या लायब्ररीत बसायचे, कंटाळले की कॅस्ट्रो स्ट्रीटला चक्कर मारायचे आणि संध्याकाळी मला बसचा अहवाल द्यायचे. "चाळीस सीटची गाडी, आत तीन माणसं. आमच्याकडं डेपो मॅनेजरला मेमो आला असता."

दोन आठवडे मी कायदेशीर सुखात होतो. मग एका सकाळी, शेजारच्या लेनमधल्या गोगलगायी मागं टाकत असताना, अण्णांनी विचारलं, "ही लेन काढली कशासाठी?"

"रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून. दोघं एका गाडीतून गेले की एक गाडी घरी राहते."

"मी आलो नसतो तर माझी गाडी रस्त्यावर आली असती का?"

अण्णांकडे गाडी नाही. लायसन्सही नाही. इथे तर त्यांना ऑफिसही नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग कमी काय झालं?"

मी आरशात बघून घेतलं, उगीचच. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे मी तुझा रुमाल."

ज्यांनी एसटीचा प्रवास केलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतो, आणि तो पडला की त्या सीटवर माणूस बसला असं धरायचं. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, वर्तमानपत्र, क्वचित पोरगं. यावरून हाणामाऱ्या झाल्यात. अण्णा अशा भांडणात एकच वाक्य बोलायचे: "रुमालाचं तिकीट काढा, मग बसू द्या त्याला."

अमेरिकेत हा रुमाल फार प्रगत झालाय. संध्याकाळी परतताना मी अण्णांना एकेक खटला सांगायचो आणि ते निकाल द्यायचे. २०२० च्या जानेवारीत ॲरिझोनात बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थाने शेजारच्या सीटवर खोटा सांगाडा बसवला होता, डोक्यावर टोपी घालून. अण्णा म्हणाले, "टोपी कशाला? टोपीमुळंच सापडला असंल." २०१५ साली वॉशिंग्टन राज्यात एकाने बियरच्या जाहिरातीतला पुठ्ठ्याचा माणूस बसवला होता. अण्णा म्हणाले, "रुमाल." २०१९ मध्ये लास व्हेगसला शववाहिकेचा ड्रायव्हर पकडला गेला. त्याचं म्हणणं, मागे एक जण आहे की. पोलिसाने समज देऊन सोडलं. इथे अण्णा गंभीर झाले. एसटीच्या टपावरून काय काय जातं ते त्यांनी पाहिलंय. "ते लगेज," ते म्हणाले, पण हळू आवाजात.

टेक्सासच्या बाईंची केस मात्र दोन दिवस चालली. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत डॅलसजवळ कारपूल लेनमध्ये अडवलेल्या एका गरोदर बाईंनी पोटाकडे बोट दाखवून सांगितलं, दुसरं माणूस इथे आहे. तुम्हीच म्हणताय ना, ते माणूस आहे म्हणून? अण्णांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला, पण नियमात बसेना. हाफ तिकीट पाच वर्षांनंतर सुरू होतं. "पोटातल्याचं तिकीट कुठल्या टप्प्यापासून फाडायचं?" शेवटी निकाल राखून ठेवला. मग मी सांगितलं की कॅलिफोर्नियात पोटातलं धरत नाहीत, पण जन्मलेलं बाळ पूर्ण माणूस धरतात. अण्णांना हसू आवरेना. हाफ तिकिटासाठी मिसरूड फुटलेली पोरं "साहेब, अजून अकरावं पुरं नाही" म्हणून मांडीवर दडपणाऱ्या आया त्यांनी जन्मभर पाहिल्या. आणि इथे दीड महिन्याच्या बाळाला फुल्ल.

माझा स्वतःचा आवडता खटला मरीन काउंटीतला. एका माणसाने शेजारच्या सीटवर कंपनीची नोंदणीची कागदपत्रं ठेवली. कायद्याने कंपनी ही 'व्यक्ती' आहे, तेव्हा गाडीत दोघं. २०१३ च्या जानेवारीत कोर्टाने त्याला हात हलवत परत पाठवलं. अण्णा म्हणाले, "पण डोकं आहे गड्याचं." कौतुक त्यांनी तेवढ्या एकाचंच केलं.

पण या सगळ्या लबाडांत मला माझंच नाव वर दिसायला लागलं. सांगाडा बसवणारा निदान दंडाची जोखीम घेतो. मी जोखीम न घेता तेच करत होतो. कायदा विचारतो, किती? कशासाठी, हे तो विचारत नाही. विचारणार तरी कसा, ताशी पासष्ट मैलांनी जाणाऱ्या काचेतून पोलिसाला डोकी दिसतात, हेतू नाही. इथल्या बहुतेक कारपूल गाड्यांत एकाच घरची माणसं असतात, आणि ती तशीही एकत्रच निघालेली असतात.

मग ही लेन चालते का? यावर एकट्या बर्कली विद्यापीठातच दोन मतं आहेत. प्रवीण वरैया नावाचे तिथले नावाजलेले प्राध्यापक मोजून सांगायचे की एकेरी लेन पुढच्या संथ गाडीच्या चालीने चालते, ओव्हरटेक करता येत नाही, म्हणून तिची क्षमताच घटते. त्याच विद्यापीठातले मायकेल कॅसिडी मोजूनच सांगतात की या लेनमुळे लेन बदलण्याची झोंबाझोंबी कमी होते आणि बाकीच्या लेनही सुरळीत वाहतात. २०११ साली हायब्रिड गाड्यांची एकट्याने जायची सवलत काढून घेतली, तेव्हा कारपूल लेन उलट जास्तच मंदावली, असंही त्यांना आढळलं. शेजारची लेन तुंबली की मोकळ्या लेनचा ड्रायव्हरही बिचकून हळू होतो म्हणे. हे मला पटतं. मी स्वतः बिचकतो.

लोकांना मात्र एकच हिशोब कळतो: आपल्याकडचं काढून घेतलं का? १९७६ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला सँटा मोनिका फ्रीवेची असलेलीच लेन तिघांच्या गाड्यांसाठी राखून ठेवली, तर ऑगस्टपर्यंत कोर्टाने योजना बंद पाडली. माझ्या आधी कुणी रुमाल टाकलाय म्हटल्यावर जो संताप होतो, तोच.

खरीखुरी कारपूल म्हणायची तर वॉशिंग्टन शहराकडची. व्हर्जिनियात शर्ली हायवेवर १९७० च्या दशकापासून अनोळखी लोक ठरल्या जागी रांगेत उभे राहतात, ड्रायव्हर येतो, ठिकाण सांगतो, दोघं बसतात, पैसे कुणी देत नाही. आमच्या बे ब्रिजवरही हे कित्येक वर्षं चालायचं. मी कौतुकाने सांगितलं आणि अण्णांचा चेहरा पडला.

"हे तर वडाप," ते म्हणाले.

कराड-पाटण रस्त्यावर वडापच्या जीपांनी त्यांचं लोड पळवलं त्याला आता चाळीस वर्षं होतील, पण जखम ओली आहे. "यांच्यात पैसे घेत नाहीत, अण्णा." "आज घेत नसतील."

जकार्ताचं ऐकून मात्र ते सरळ बसले. तिथे १९९२ पासून मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत तिघं लागायचे. त्यामुळे कडेला भाड्याची माणसं उभी राहू लागली, त्यांना 'जॉकी' म्हणत. कडेवर मूल असलेली बाई म्हणजे एका थांब्यात दोन डोकी. या प्रकाराला कंटाळून सरकारने २०१६ मध्ये नियमच उठवला. तेव्हा अभ्यासकांनी गाड्यांचा वेग तपासला, तर संध्याकाळचा खोळंबा ८७ टक्क्यांनी वाढलेला निघाला. भाड्याची माणसं घेऊन का होईना, नियम चालत होता!

"जॉकीला देतात किती?" अण्णांनी विचारलं. त्या दिवसापासून संध्याकाळची कॉफी माझ्याकडे लागली.

ऑगस्टमध्ये अण्णा-आई परत गेले आणि मी पुन्हा गोगलगायींत आलो. मोह होतोच. १०१ नंबरच्या एक्स्प्रेस लेनसाठी काचेला लावायची एक डबी मिळते, तिच्यावर सरकवायचं बटण असतं: १, २, ३. आपली माणसं आपणच सांगायची. तीन सांगितली की टोल माफ. खोटं बोलायला तोंडही उघडावं लागत नाही, अंगठा पुरतो. मी एकदा ते दोनवर नेलं आणि अण्णा मागून तिकीट मागतील अशा भीतीने परत आणलं.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सनीव्हेलहून शाडूची मूर्ती घेतली. मागे सामान होतं, म्हणून बाप्पा शेजारच्या सीटवर. फ्रीवेला लागताच गाडी पिंग पिंग करू लागली. सीटवर वजन आहे, पट्टा नाही. म्हणजे गाडीने त्याला माणूस म्हणून मोजलं होतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी बाप्पाला पट्टा बांधला, सोंडेला धक्का न लावता. आणि पट्टा बांधताना आठवलं की भारतीय कायद्यात प्रतिष्ठापना केलेला देव ही व्यक्तीच असते. त्याच्या नावे जमीन असते, तो दावा लावू शकतो. अडचण एकच, प्रतिष्ठापना उद्या सकाळी होती.

डावीकडे लेन मोकळी वाहत होती. आम्ही दोघं उजवीकडून सव्वा तासात घरी आलो.

अण्णांना पट्टा लावलेल्या बाप्पाचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"कुठल्या लेननं आणलास?"

"साध्या. पोलिसाला काय सांगणार, दोन माणसं आहेत म्हणून?"

पलीकडे बराच वेळ शांतता. फोटो मोठा करून बघत असणार.

"दोन कुठली?" अण्णा म्हणाले. "पायाशी उंदीर बसलाय की. तीन."