नऊ लाख ज्यूल म्हणजे किती फासे?

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना ड्रॅगनवर कुणी आक्षेप घेत नाही. तो उडतो, आग ओकतो, वर तोंडाने टोमणेही मारतो, सगळं चालतं. पण कुणी कुणावर आदळलं, की टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला अकरावीचं फिजिक्स आठवतं. ज्यांना त्यात जेमतेम पस्तीस पडले होते, त्यांना जरा जास्तच.

आमच्या पुण्यातल्या गटाची डंजन मास्टर मी. म्हणजे ड्रॅगन, गावकरी, हवामान आणि न्यायालय, सगळी खाती माझ्याकडे. लढाईचे नियम पुस्तकात पानोपान आहेत, पण बैलगाडी दारावर धडकली किंवा झुंबर दरोडेखोरांवर कोसळलं, तर पुस्तक शांतपणे डंजन मास्टरकडे बोट दाखवतं.

नुसतं पडण्याचा नियम मात्र सुटसुटीत आहे. दर दहा फुटांना एक सहापैलू फासा, फार तर वीस फासे; पडलेल्या आकड्यांची बेरीज म्हणजे इजा. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकमध्येही हाच होता. वीस फाशांची सरासरी सत्तर. तेव्हा दोनशे फुटांवरून पडा नाहीतर टकमक टोकावरून कडेलोट होऊ द्या, वरच्या लेव्हलचा बार्बेरियन योद्धा उठतो, अंगावरची धूळ झटकतो आणि जेवायला काय आहे ते विचारतो. आमच्यातला एक जण चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो म्हणतो, उंची दुप्पट झाली की ऊर्जाही दुप्पट होते, तेव्हा हिशेब अगदीच वेडा नाही. या खेळाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा एकमेव बरा शब्द.

घोळ होतो तो एक जण दुसऱ्यावर पडला की. २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये त्याची सोय केलीय : खालच्याला वेळेत बाजूला होता आलं नाही, तर पडण्याची इजा दोघांत निम्मी निम्मी. अगदी चिमुकले जीव वगळले, तर वजनाचं नावही नाही. साठ फुटांवरून बोकड पडो की व्हेल, फासे सहाच.

व्हेलचं उदाहरण मी हवेतून आणलेलं नाही. ते हवेतूनच आलं, पण मी आणलं नाही. साठ फुटी बुरुजाखाली ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, उभा होता. आमच्या बार्बेरियनने वरून उडी मारली आणि जादूगाराने पॉलिमॉर्फ हा रूप बदलायचा मंत्र टाकून वाटेतच त्याचा किलर व्हेल केला. गटात एक वकीलही आहे. तिने लगेच हरकत घेतली, ‘‘पडणं एका क्षणात होतं असं पुस्तकात आहे, मध्ये मंत्राला वेळ कुठून आला?’’ जादूगाराने मंत्र आधीच तयार ठेवला होता. हरकत फेटाळली. सहा फासे पडले, बेरीज वीस, दोघांना दहा-दहा. ओगरकडे एकोणसाठ हिट पॉइंट होते, म्हणजे तेवढी इजा झाली की तो आडवा. पाच टनांचा जलचर डोक्यावर घेऊन एकोणपन्नास उरले.

टेबलावर आक्रोश झाला. इंजिनिअरने पिझ्झाच्या खोक्यावर गणित मांडलं : साठ फूट म्हणजे अठरा मीटर, खाली पोचताना वेग ताशी अडुसष्ट किलोमीटर, ऊर्जा सुमारे नऊ लाख ज्यूल. ‘‘भरलेला टेम्पो अंगावर आला असता तर तू दहा दिले असतेस का गं?’’

मी विचारलं, एका फाशाला किती ज्यूल? त्याने खोकं उलटं करून बघितलं. तिथे चीज जास्त होतं आणि उत्तर नव्हतं.

या जातीच्या हुशारीचा सगळ्यात थोर नमुना म्हणजे ‘पेझंट रेलगन’. दोन हजार दोनशे ऐंशी शेतकरी रांगेत उभे करायचे आणि एका फेरीत, म्हणजे सहा सेकंदांत, काठी हातोहात शेवटपर्यंत पोचवायची. नियमाने प्रत्येकाला पाच फूट जागा, तेव्हा काठी साडेतीन किलोमीटरच्या आसपास जाते, आवाजापेक्षा वेगाने. इथवर नियम हवेत. शेवटच्या शेतकऱ्याच्या हातातून सुटताना मात्र फिजिक्स हवं, कारण नियमाने ती निव्वळ एक काठी. २०२४च्या डंजन मास्टर्स गाइडने शेवटी लिहूनच टाकलं, की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

पण हे वाचून दाखवलं तर गप्प बसतील ते आमचे लोक नव्हेत. मग मी २०१४च्या गाइडमधलं आयत्या वेळी इजा ठरवायचं कोष्टक काढलं. माझं हे लाडकं पान. पुस्तकांचं कपाट अंगावर पडलं तर एक दहापैलू फासा. कोसळत्या बोगद्याचा ढिगारा, चार. दोन भिंती जवळ येऊन चिरडलात, दहा. उडता किल्ला येऊन आदळला, अठरा. कपाट ते किल्ला एवढा पल्ला मांडून ठेवलाय, आता व्हेल कुठे बसवायचा ते तुम्ही बघा.

‘‘दहा!’’ एकमताने.

‘‘चालेल,’’ मी म्हणाले, ‘‘न्यूटनचा तिसरा नियमही लावू. जेवढं ओगरला, तेवढंच व्हेलला.’’

इतका वेळ नऊ लाख ज्यूलचा जयघोष करणारा बार्बेरियन एकदम विचारी झाला. व्हेलला चरबी असते, असं त्याने सुचवलं. इंजिनिअर म्हणाला, बल सारखं असतं रे, मोडतोड सारखी नसते. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मी ते ऐकलं नाही. वकीलबाईंनी खरी गोम ओळखली, ‘‘हा दाखला पडला की पुढच्या वेळी ही ओगरला आपल्यावर पाडेल.’’ मग जी घासाघीस झाली ती सगळी खालच्या दिशेने. मंडळींनी आपणहून दहाचे आठ केले, आठाचे सहा, आणि चारवर, म्हणजे ढिगाऱ्यावर, तडजोड झाली. आधीची इजा रद्द, नवा नियम लागू.

जादूगाराने हातात फासे खुळखुळवले, त्यांवर फुंकर मारली आणि टाकले. एक, दोन, एक, तीन.

सात. पुस्तकाने दहा दिले होते.

‘‘जुना नियम चांगला होता,’’ इंजिनिअर म्हणाला. मी नको म्हटलं. ओगर मात्र पुरता खाली अडकलाय, एवढं मी पदरचं दिलं. त्यावर सगळे खूश झाले, तोवर वकीलबाईंनी मॉन्स्टर मॅन्युअल उघडलं होतं. किलर व्हेलचा पोहण्याचा वेग साठ फूट, जमिनीवरचा शून्य. मंत्र सोडला तर ओगर मोकळा, धरून ठेवला तर आपला बार्बेरियन जागच्या जागी.

‘‘ढकलू या,’’ जादूगार म्हणाला. ‘‘पाच टन ढकलायला किती स्ट्रेंग्थ लागते?’’

इंजिनिअरने दुसरं खोकं जवळ ओढलं.