मेदाचा खटला

पुण्याच्या सारसबागेत रोज पहाटे धावणारा पक्ष आणि चालणारा पक्ष यांच्यात मेदनिर्मूलनाचा जो वाद नव्याने उभा राहतो, त्यात दोन्ही बाजूंचे वकील सारखेच वजनदार असल्यामुळे निकाल सहसा तहकूबच राहतो. देहाच्या दप्तरातील जमाखर्च मात्र निर्विकार आहे: ७० किलो वजनाचा गृहस्थ एक किलोमीटर धावला तर सुमारे ७० उष्मांक खर्ची पडतात, चालला तर सुमारे ५०, आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक शिलकीस असतात. म्हणजे किलोभर मेद उतरविण्यासाठी धावणाऱ्याने साताऱ्यापर्यंत धावावे आणि चालणाऱ्याने मुंबईपर्यंत चालावे, असे त्रैराशिक निघते; त्यातून धावणाऱ्याच्या गुडघ्यांनी कैफियत दाखल केली नाही, तरी साताऱ्यास कंदी पेढे त्याची वाट पाहत असतात, आणि चालणाऱ्यास तर लोणावळ्याची चिक्की अर्ध्या वाटेतच अडविते. तेव्हा फैसला इतकाच, की ज्याला जे नित्य निभेल ते त्याने करावे. बागेबाहेरच्या भेळेच्या गाडीवरून मात्र उभय पक्षांनी धावतच जावे.