भावोजी ऑफिसात आहेत

आमचे भावोजी रोज सकाळी साडेनऊला डबा घेऊन ऑफिसला निघतात आणि साडेनऊलाच पोचतात. वाटेत फक्त दिवाणखाना लागतो. ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची काचा लावून बंद केलेली गॅलरी. तिथे एक टेबल, एक खुर्ची, एक लॅपटॉप आणि डोक्यावर दोरीवर वाळणारी चिरंजीवांची शाळेची पँट. डबा ताई भरते. ती बँकेत आहे, स्वतःचा भरता भरता यांचाही भरते. एक वाजला की भावोजी टेबलावरच डबा उघडून गार पोळीभाजी खातात. स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर, गॅस चालू. पण कामाच्या वेळात घरी जायचं नाही असा नियम आहे, आणि तो मोडला तर साहेब रागावतात.

साहेब म्हणजे भावोजीच.

हे जरा समजावून सांगायला हवं. भावोजी पूर्वी एका कंपनीत नोकरीला होते. वरिष्ठांचा जाच सोसेना म्हणून राजीनामा दिला आणि घरून भाषांतरं करू लागले. मिक्सर-गीझरची माहितीपत्रकं, विम्याच्या अटी, बँकांची पत्रकं, शब्दाला दीड रुपया. जाचातून सुटून घरी आलेल्या या माणसाने सर्वात आधी काय केलं, तर एक वरिष्ठ नेमला. त्याच्या हाताखाली एक कारकून नेमला. दोन्ही पदं स्वतःकडेच ठेवली आणि तेव्हापासून गॅलरीत ऑफिसचं राजकारण सुरू आहे.

साहेब रात्री अकराला फार कडक असतात. ‘उद्या दोन हजार शब्द झालेच पाहिजेत’ असा हुकूम डायरीत लाल शाईने निघतो. कारकून सकाळी दहाला जुन्या टूथब्रशने कीबोर्ड घासत बसलेला सापडतो. साहेबांनी हटकलं तर म्हणतो, ‘टेबल स्वच्छ पाहिजे असं गेल्या आठवड्यात तुम्हीच बजावलंत.’ साहेब निरुत्तर होतात, कारण ते खरंच तसं म्हणालेले असतात. मग दोघं मिळून चहा घेतात. संध्याकाळी शब्द मोजल्यावर साहेब कारकुनाला फाडफाड बोलतात. कारकून ते मनाला लावून घेतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याची तब्येत बरी नसते.

मस्टर आहे, त्यात लेट मार्क आहेत. तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. एकदा त्यांचा रजेचा अर्ज मी स्वतः वाचला आहे. ‘घरगुती कारणास्तव’ असं कारण दिलं होतं. खाली शेरा होता, ‘कामाचा ताण पाहता नामंजूर.’ त्या दिवशी आम्ही सगळे सिंहगडावर गेलो आणि हे ऑफिसात बसून क्रिकेटची मॅच बघत होते.

शब्दावर पैसे मिळत असल्यामुळे त्यांचा सगळा हिशेब शब्दांत चालतो. रिक्षा साठ शब्दांना पडली. कोपऱ्यावरचा न्हावी आता शंभर शब्द मागतो. ताईने पैठणी घेतली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की जणू अख्खी जीवनविमा योजना, अटी-शर्तींसह, पुन्हा भाषांतरित करायला सांगितली आहे.

काम मात्र उत्तम करतात, हे मान्य करायला हवं. त्यांनी मराठीत आणलेलं विम्याचं पत्रक वाचूनच मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पॉलिसीतून मला काहीही मिळणार नाही. छपाईवाल्यांशी त्यांचं वैर आहे. हे युनिकोडमध्ये टाइप करतात, आणि छपाईवाला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना त्यातले रफार उडवतो, जोडाक्षरं फोडतो. असे मोडके शब्द पाहिले की भावोजी दिवसभर जेवत नाहीत. म्हणजे डबा खातात, पण चव लागत नाही म्हणतात.

कामाची गती वाढवायचे उपाय त्यांनी इतके वाचले आहेत, की तेवढ्या वेळात एखादी कादंबरी मराठीत आली असती. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लो या गृहस्थाने 1980च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून अभ्यास केला. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. घड्याळ टोमॅटोसारखं म्हणून पद्धतीचं नावही टोमॅटोचं, इटालियनमध्ये पोमोदोरो. ही हकिगत वाचल्यावर भावोजी कामाला लागले. म्हणजे तसलंच घड्याळ शोधायच्या कामाला. आठवडाभराने ते आलं. भावोजींनी पहिल्यांदा पाच मिनिटं लावली. विश्रांती आधी घेतली तर कामाला ताजेपणा येतो, हे साहेबांचं म्हणणं कारकुनाला ताबडतोब पटलं.

ते घड्याळ पुढे चिरंजीवांनी उघडून पाहिलं. त्या जागी कुकर आला. अकराला स्वयंपाकाच्या मावशी येतात, दारातूनच “दादा, आज पण सुट्टी?” असं विचारतात आणि कुकर लावतात. शिट्टी होईपर्यंत मान वर करायची नाही, असा पण भावोजींनी केला. वरणभात असला तर एखादा परिच्छेद होतो. राजमा असला तर अख्ख्या ‘सुरक्षिततेच्या सूचना’ संपतात. ज्या दिवशी मावशी थालीपीठ करतात, त्या दिवशी काहीच होत नाही.

पण मावशी तरी एकदाच विचारतात. सोसायटीचं काय? ‘तुम्ही घरीच असता ना’ या चार शब्दांवर (भावोजींच्या हिशेबाने सहा रुपये) सबंध इमारत चालते. पहिल्या मजल्याची पार्सलं, दुसऱ्याच्या किल्ल्या, समोरच्यांचा गॅस सिलिंडर, मीटर बघायला येणारा माणूस, पाण्याची टाकी धुणारा माणूस, सगळे चौथ्या मजल्याची बेल दाबतात. अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट अशा वेषात दार उघडणारा माणूस कामावर आहे, असं कोणालाच वाटत नाही. बाहेर निघालाय वाटतं, असं समजून ते आणखी एक पार्सल हातात देतात.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि भावोजींचे दिवस पालटले. आयटीतली मोठमोठी माणसं लिफ्टपाशी, सहा फुटांवरून, त्यांना सल्ला विचारू लागली. पाठीला कुठली उशी लावावी, बायको बोलत असताना मीटिंग कशी करावी. भावोजींना जिन्यात लोक ‘सर’ म्हणत. दुर्दैव एवढंच, की बँक अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे ताई रोज कामावर जात होती आणि चिरंजीवांची शाळा गॅलरीत भरत होती. सगळं जग घरून काम करत असताना भावोजींना मात्र बसायला ऑफिस नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारची उद्यम नोंदणी सुरू झाली. भावोजींनी लगेच नोंद केली. प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन गॅलरीत लागलं, ‘सूक्ष्म उद्योग’.

“सूक्ष्मच,” ताई म्हणाली.

पण त्याचा उपयोग आहे. अशा उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत असा 2006 सालचा कायदा आहे. बिल थकवणाऱ्याला भावोजी त्या कायद्याची आठवण करून देणारं पत्र लिहितात. ते इतकं सुंदर असतं, की लिहायला दोन दिवस लागतात.

मग एवढं काम होतं तरी कधी? मी लक्ष ठेवून होतो. गुरुवारी होतं.

पुण्यात पाणी आणि वीज बंद ठेवून दुरुस्त्या करायचा दिवस बहुधा गुरुवार. सकाळी वीज गेली की चमत्कार घडतो. वायफाय बंद, त्यामुळे पाठीच्या उशा शोधता येत नाहीत. लिफ्ट बंद, त्यामुळे पार्सलवाला चार जिने चढत नाही. चढलाच, तरी बेल वाजत नाही. पाणी नाही म्हणून मावशी येत नाहीत. पंखाही नाही. उरतात भावोजी आणि लॅपटॉपची म्हातारी बॅटरी. कोपऱ्यातला आकडा 100 वरून 84, 84 वरून 61 होताना पाहिला की साहेब गप्प होतात, कारकून गप्प होतो, आणि घामाघूम झालेला एक तिसराच माणूस खाली मान घालून टायपायला लागतो. त्याला मी ओळखत नाही. एकदा मी दार ठोठावून आत गेलो, तर त्याने मला डोळ्यांनीच बस म्हटलं आणि नंतर विसरून गेला. डबा तसाच पडून होता. आकडा 3 वर आला तेव्हा आठवड्याचं काम संपलं होतं.

ताईलाही घामाघूम झालेला नवरा दिसत होताच. बाईमाणसाची माया. वाढदिवसाला तिने इन्व्हर्टर बसवला.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम गेलो. वीज गेली, इन्व्हर्टर टक् करून चालू झाला, पंखा फिरू लागला, बेल वाजली. भावोजी पार्सल घेऊन आले आणि इन्व्हर्टरचं माहितीपत्रक उघडून बसले. कोणीतरी गचाळ मराठीत केलं होतं ते. त्यांनी लाल पेन काढलं, पहिल्या ओळीपासून दुरुस्त करायला घेतलं आणि दुपारपर्यंत सबंध पत्रक नव्याने लिहून कंपनीला पाठवूनही दिलं, फुकट.

“भावोजी, आणि आजचं काम?” मी विचारलं.

“होईल हो,” भावोजी डबा उघडत म्हणाले, “आता घाई काय आहे? वीज आहे ना!”